हलके डेटा ऑब्जेक्ट (भाग ७) : तिकीट ओळखायचं कशावरून?

आज तारखांची पाळी होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न त्याआधीच सुटायला हवा.

त्यांचा प्रोग्रॅम जिरा क्लाउडमधली तिकिटं वाचून टीमसाठी छोटी यादी तयार करतो. गेल्या वेळी बेतलेला पाच फील्डचा ऑब्जेक्ट त्यांनी जसाच्या तसा घेतला. सुरळीत चाललं होतं, आणि मग एकच काम यादीत दोनदा दिसू लागलं. एकदा ‘पे-४१’ म्हणून, एकदा ‘ऑप्स-२०७’ म्हणून. जिरामध्ये मात्र ते एकच आहे.

कुणीतरी ते तिकीट दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये हलवलं, एवढंच घडलं. जिरात तिकिटाला दोन खुणा असतात. एक आपण बोलताना वापरतो ती की, म्हणजे प्रोजेक्टचं लघुरूप आणि क्रमांक. दुसरी आतला आयडी, जो पडद्यावर सहसा दिसतच नाही. प्रोजेक्ट बदलल्यावर की नवी मिळते, आयडी तोच राहतो.

खरी मेख पुढेच आहे. जुन्या कीने विचारलं तरी जिराचं एपीआय ‘सापडलं नाही’ म्हणत नाही. ते हलवलेलं तिकीट शोधून नेहमीसारखं परत देतं, रीडायरेक्टही करत नाही; फक्त प्रतिसादात की नवी असते. मागितलं पे-४१, हाती आलं ऑप्स-२०७, आणि कोडने ते नव्या नावाने निमूट साठवलं. जुनी नोंद पुसायची कुणी? गिटहब इथे जास्त सरळ वागतं : इश्यू दुसऱ्या रेपोत गेला तर जुन्या पत्त्यावर ३०१ मिळतो, निदान कळतं तरी. बगझिलात प्रॉडक्ट बदललं तरी बगचा क्रमांक तोच राहतो, कारण अख्ख्या इन्स्टॉलेशनची क्रमांकांची मालिका एकच असते.

म्हणून ऑब्जेक्टमध्ये आयडी हवाच. पण तो एकटाही पुरत नाही. दोन ग्राहकांच्या दोन जिरा साइट असतील, तर १०००२ हा आयडी दोन्हीकडे असू शकतो. साइट आणि आयडी मिळूनच ओळख पूर्ण होते. जिरा आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवतं, तो स्ट्रिंगच राहू द्यावा. त्याची बेरीज-वजाबाकी कुणालाच करायची नाही.

जावातले रेकॉर्ड (२०२१ च्या १६ व्या आवृत्तीपासून भाषेत कायम झालेले) अशा ऑब्जेक्टसाठी मला फार आवडतात. मात्र त्यांचं आयतं ‘इक्वल्स’ सगळी फील्ड ताडून पाहतं. शीर्षकातलं शुद्धलेखन कुणी सुधारलं, तर सकाळचं आणि दुपारचं तिकीट रेकॉर्डच्या लेखी वेगळं. तेव्हा साइट आणि आयडी यांचा स्वतंत्र छोटा रेकॉर्ड करा, तो तिकिटाच्या रेकॉर्डमध्ये पहिलं फील्ड म्हणून ठेवा आणि मॅपमध्ये शोधायला तोच वापरा. जिराची की फक्त माणसांना दाखवण्यापुरती, प्रत्येक प्रतिसादातून ताजी करून घ्यायची. पूर्ण रेकॉर्डचं इक्वल्सही वाया जात नाही : ओळख तीच पण रेकॉर्ड असमान, म्हणजे काहीतरी बदललंय. तेवढीच ओळ पडद्यावर नव्याने काढा.

नाशिकच्या वाचकांनी जुना साठा पूर्ण पुसून नव्या ओळखीवर पुन्हा भरावा. एकेक की दुरुस्त करत बसू नये. बाकीच्यांनी तारखांचा भाग येईपर्यंत आपल्या कोडमधली तिकिटं कशावरून शोधली जातात, ते पाहून ठेवा.