कंटेनर व आभासी यंत्रांतील संसाधन-मापन

कंटेनर किंवा आभासी यंत्र यांत चालणारी आज्ञावली प्रोसेसर, मेमरी इत्यादी संसाधने किती वापरते, हे मोजण्याला संसाधन-मापन असे म्हणतात. आतून घेतलेले माप आणि बाहेरून, म्हणजे यजमान संगणकावरून, घेतलेले माप सहसा जुळत नाही. पुष्कळदा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

कंटेनर

कंटेनर हे स्वतंत्र यंत्र नव्हे. यजमानाच्याच लिनक्स कर्नलवर चालणारा तो प्रक्रियांचा गट असतो. त्याला काय दिसावे हे नेमस्पेस ठरवते, तर त्याने किती वापरावे हे कंट्रोल ग्रुप ठरवतो व त्याची मोजदादही ठेवतो. कंट्रोल ग्रुपचे काम गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले आणि २००८ च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मध्ये ते समाविष्ट झाले. या दोन यंत्रणा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे. एकूण मेमरीची माहिती नेमस्पेसमुळे झाकली जात नाही. त्यामुळे १ जीबी मर्यादेच्या कंटेनरमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा दिली, तरी यजमानाची ६४ जीबी मेमरी दिसते.

याचा फटका जावा भाषेतील आज्ञावल्यांना बसला. वेगळी सूचना नसल्यास जेव्हीएम दिसणाऱ्या मेमरीच्या एक चतुर्थांशापर्यंत हीप वाढू देते. वरील उदाहरणात ही मर्यादा १६ जीबी होते. प्रत्यक्षात १ जीबी ओलांडताच कर्नल ती प्रक्रिया बंद पाडतो. जेव्हीएमच्या लेखी मेमरी शिल्लकच असल्याने ते त्रुटीची नोंदही करत नाही. मार्च २०१८ मधील जावा १० पासून जेव्हीएम कंटेनरची मर्यादा आपोआप वाचू लागले; पुढे ही सोय जावा ८ मध्येही आणली गेली.

वापरलेल्या मेमरीचा आकडाही सरळ नसतो. वाचलेल्या फायलींच्या ज्या प्रती कर्नल मेमरीत ठेवतो, त्या कंटेनरच्याच खात्यावर मांडल्या जातात. गरज पडताच त्या काढून टाकता येतात. मात्र केवळ एकूण आकडा पाहणाऱ्याला कंटेनर काठोकाठ भरलेला भासतो.

प्रोसेसरच्या बाबतीत सरासरी फसवी ठरते. दोन प्रोसेसरांची मर्यादा म्हणजे सामान्यतः दर १०० मिलिसेकंदांना २०० मिलिसेकंदांचा वाटा. आठ थ्रेड एकदम चालले, तर तो २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सर्व काम थांबते. असे झटके अधूनमधून आले, तर मिनिटाची सरासरी अगदी कमी दिसते, वापरकर्त्याला मात्र विलंब जाणवतो. हे अडथळे कंट्रोल ग्रुपच्या आकडेवारीत वेगळे नोंदलेले असतात. तेथे पाहिल्यावाचून कारण सापडत नाही.

आभासी यंत्र

आभासी यंत्राला स्वतःचा कर्नल असल्याने अडचण उलट बाजूने येते. आतील कर्नलने मोकळी केलेली मेमरी हायपरव्हायझरला मोकळी दिसत नाही. त्याच्या लेखी ती वापरातच राहते. यासाठी ‘बलून’ चालक वापरतात : तो आतून मेमरी मागून घेतो व यजमानाला परत देतो. व्हीएमवेअरमधील कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ च्या शोधनिबंधात ही पद्धत वर्णिली. मात्र बलून फुगला की आतील कर्नलला मेमरीची टंचाई भासू लागते.

यंत्र कामाला तयार असूनही यजमानाने प्रोसेसर दुसऱ्या यंत्राला दिला, तर त्या प्रतीक्षेला ‘स्टील टाइम’ म्हणतात. लिनक्सच्या ‘टॉप’ आज्ञेत त्याचा रकाना असतो. हा आकडा हायपरव्हायझरने पुरवावा लागतो. तो पुरवला नाही, तर रकान्यात शून्य दिसते. प्रोसेसर कोणी घेतला, हे भाडेकरूला कळत नाही.

डिसेंबर २०१८ मधील लिनक्स ४.२० पासून ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’ ही सोय मिळाली. संसाधन किती वापरले याऐवजी, त्याच्या अभावी कामे किती वेळ अडून राहिली हे ती मोजते. कंट्रोल ग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत हे माप प्रत्येक गटासाठी स्वतंत्र मिळते.