सोमवार ते शुक्रवार माल, शनिवार-रविवार धमाल!

फोक्सवॅगनच्या बसमध्ये पन्नास वर्षं घरं मांडणाऱ्या वेस्टफालियाची ही गोष्ट. घर तिचं, गाडी दुसऱ्याची... आणि सगळी गोम तिथेच होती.

शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करायचा, सॅक गाडीत टाकायची आणि सुटायचं! इथपर्यंत प्लॅन एकदम झकास असतो. मग फोनाफोनी सुरू होते. अलिबागला रूम नाही. महाबळेश्वरला आहे, पण रेट ऐकून घाम फुटतो. दापोलीला एक मिळते, तर ग्रुपमधल्या कोणाला तरी तिथलं बाथरूम पसंत नसतं. अशा वेळी एकदा तरी मनात येतंच, च्यायला, घरालाच चाकं असती तर?

जर्मनीतल्या एका कंपनीने याच प्रश्नावर अर्धं शतक धंदा केला. तिचं नाव वेस्टफालिया. नाव ओळखीचं वाटणार नाही कदाचित, पण गाडी तुम्ही नक्की पाहिली आहे. पिक्सारच्या 'कार्स'मधला (२००६) तो हिप्पी फिलमोर आठवतोय? त्याच वर्षी आलेल्या 'लिटल मिस सनशाइन'मधली ढकलत चालू करावी लागणारी पिवळी बस? गोल डोळ्यांची, गुबगुबीत फोक्सवॅगन बस. या बसच्या पोटात पलंग, शेगडी, कपाट आणि पाण्याची टाकी बसवून तिचं घर करायचं, हे वेस्टफालियाचं काम. तिने स्वतःची मोटार कधीच बनवली नाही. जे केलं ते दुसऱ्याच्या गाडीत.

रेडा गावचे लोहार

कंपनीचा पत्ता आहे रेडा-वीडेनब्र्युक. हसू नका, आपल्या रेड्याशी त्याचा काही संबंध नाही! पश्चिम जर्मनीच्या वेस्टफालिया भागातली रेडा आणि वीडेनब्र्युक ही दोन गावं १९७० मध्ये एक झाली आणि नावंही जोडली गेली. त्यातल्या वीडेनब्र्युकमध्ये १८४४ साली योहान बर्नहार्ड क्नोबेल नावाच्या माणसाने लोहाराची भट्टी घातली. घोडागाड्यांचं काम सुरू झालं. पुढच्या पिढ्यांनी बग्गी सोडून मोटारमागे जोडायच्या ट्रेलरना हात घातला आणि आपल्या मुलखाचंच नाव मालावर लावलं.

१९३०च्या दशकात या मंडळींनी एक साधी पण भन्नाट गोष्ट शोधली. आपल्याकडे ऊसाची ट्रॉली ट्रॅक्टरला पिन टाकून जोडतात, ती खड्ड्यातून जाताना कशी खडखडते ते गावाकडे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. क्नोबेल मंडळींनी मोटारच्या मागे लोखंडी गोळा लावला आणि ट्रेलरच्या दांड्याला त्यावर बसणारी वाटी. झालं! चढ असो, उतार असो की वळण, वाटी गोळ्यावर हवी तशी फिरते. खांद्याचा सांधा फिरतो ना, अगदी तसंच. आज जगभरात मोटारमागे ट्रेलर ओढायला हीच पद्धत आहे आणि गोळ्याचा ५० मिलिमीटर व्यास हे त्यातलं आंतरराष्ट्रीय माप आहे. कंपनीने दुसरं काहीही केलं नसतं तरी एवढ्यावर तिचं नाव राहिलं असतं.

पण मग ती बस आली.

बेकरीवाल्याचं हनिमून

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७ मध्ये बेन पॉन नावाच्या डच मोटार व्यापाऱ्याने वहीच्या पानावर एक स्केच काढलं. चाकांवरचा चौकोनी डबा, ड्रायव्हर पुढे, इंजिन मागे. त्यातून १९५० मध्ये फोक्सवॅगनची मालवाहू व्हॅन तयार झाली. ताकद किती? जेमतेम २५ हॉर्सपॉवर. आपली मारुती ८००सुद्धा तिच्यापुढे पहिलवान! पण युद्धात बेचिराख झालेल्या आणि आता धडाधड उभ्या राहणाऱ्या देशाला हाच डबा हवा होता. बेकरीवाला, रंगारी, प्लंबर, सगळ्यांनी तो घेतला.

वेस्टफालियाची एन्ट्री इथे होते. जर्मनीत तैनात असलेल्या एका परदेशी लष्करी अधिकाऱ्याला या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून हवी होती आणि तो थेट वेस्टफालियाच्या दारात गेला, असं सांगतात. कोणी त्याला ब्रिटिश म्हणतं, कोणी अमेरिकन. अधिकारी कुठलाही असो, १९५१ मध्ये कंपनीने बाजारात आणला तो 'कॅम्पिंग बॉक्स'.

हा बॉक्स म्हणजे खरी अक्कल. लाकडी कपाटांचा एक संच, आत आणि बाहेर करता येणारा. पाच दिवस व्हॅन रिकामी ठेवायची, पाव किंवा रंगाचे डबे पोचवायचे. शनिवारी बॉक्स आत चढवायचा, गाद्या पसरायच्या, बायकापोरांना बसवायचं आणि तळ्याकाठी जायचं. सोमवारी सकाळी बॉक्स बाहेर, पाव आत! एका पगारात दोन गाड्या परवडत नसतानाच्या काळातला हा हिशेब आहे. कॅम्पर व्हॅन म्हटलं की आपल्याला श्रीमंतांचे चोचले वाटतात. सुरुवात मात्र काटकसरीतून झाली, आणि मला तरी ती नंतरच्या सगळ्या लक्झरी मॉडेल्सपेक्षा जास्त आवडते.

जर्मन माणसाच्या हातात पैसे खुळखुळू लागले तसा तो आल्प्स ओलांडून इटलीकडे निघाला. ब्रेनरच्या घाटात ही बस धापा टाकत चढायची, मागून येणारे शिव्या घालायचे, पण पलीकडे समुद्र आणि ऊन वाट बघत असायचं. वेस्टफालियाही आता कायमस्वरूपी घरं मांडू लागली. मागचा बाक ओढला की पलंग. एका पायावर उभं राहणारं टेबल, जेवण झालं की दुमडून बाजूला. बर्फाची पेटी. हातपंपाने पाणी येणारं छोटं बेसिन. चौकड्यांचे पडदे. आणि सगळ्यांत भारी गोष्ट म्हणजे उघडणारं छप्पर. वर ढकललं की कापडी भिंती ताठ होतात, आत माणूस सरळ उभा राहतो आणि पोरांना माळ्यावर झोपायला मिळतं. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये वाढलेल्यांना ही कला काही वेगळी शिकवावी लागणार नाही. फरक एवढाच, की जर्मनीत गाडी लावायला नळ आणि संडास असलेले कॅम्पिंगचे तळ होते. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ मध्ये.

कोंबडीची कृपा

ही घरं अमेरिकेत तुफान चालली. कित्येक अमेरिकन लोक गाडी युरोपात ताब्यात घ्यायचे, तिच्यातूनच युरोप पालथा घालायचे आणि मग ती जहाजाने घरी न्यायचे. हॉटेलचा खर्च वाचला, वर गाडी पदरात!

याच काळात एक गंमत झाली. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकन कोंबडीवर आयात कर वाढवला. भडकलेल्या अमेरिकेने १९६४ पासून परदेशी मालवाहू हलक्या ट्रकवर २५ टक्के कर ठोकला. भांडण कोंबडीचं, मार फोक्सवॅगनला. तिच्या पिकअप आणि मालवाहू व्हॅनची अमेरिकेतली विक्री कोसळली. पण खिडक्या आणि सीट असलेली बस मात्र प्रवासी गाडीत मोजली जायची, त्यामुळे ती या तडाख्यातून सुटली. अमेरिकेला ही बस मालवाहू म्हणून कमी आणि भटक्यांची म्हणून जास्त आठवते, त्यात थोडा हात या कोंबडीचाही आहे.

भटक्यांवरून आठवलं. साठ-सत्तरच्या दशकात युरोपातून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत जे हिप्पी भारतात यायचे, त्यांच्या ताफ्यात फोक्सवॅगनच्या बस असायच्याच. काहींचा मुक्काम काठमांडूला, काहींचा थेट हणजुण्याच्या किनाऱ्यावर. बऱ्याच जणांचं 'इंटिरिअर' म्हणजे नुसती गादी आणि पडदा, वेस्टफालियाचं नीटनेटकं कपाट परवडणारे कमीच. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाच्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता बंद झाला.

अमेरिकेत मात्र एक नाव रुजलं, 'वेस्टी'. तिथले शौकीन या कॅम्परला लाडाने आजही हेच म्हणतात. झेरॉक्सचं झालं तसंच काहीसं. विचार करा, गाडीच्या नाकावर फोक्सवॅगनचा बिल्ला आणि तोंडात नाव आत फर्निचर बसवणाऱ्याचं!

पन्नास वर्षं ऑनसाइट

आयटीतल्या मंडळींना पुढची गोष्ट लगेच कळेल. वेस्टफालिया म्हणजे क्लायंटच्या ऑफिसात पन्नास वर्षं ऑनसाइट बसलेली कंपनी. तिचे कॅम्पर फोक्सवॅगनच्या शोरूममध्ये विकले जायचे, फोक्सवॅगनच्या कॅटलॉगमध्ये छापले जायचे. गिऱ्हाईक आयतं यायचं. बसचं नवं मॉडेल आलं की वेस्टफालियाचं नवं घर आलं. ऐंशीच्या दशकातल्या चौकोनी मॉडेलवरच्या कॅम्परचं नाव तर चक्क 'जोकर' होतं. मग १९८८ मध्ये 'कॅलिफोर्निया' आली. बनवायची वेस्टफालिया. नाव मात्र पुढे फोक्सवॅगनकडेच राहिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

कंपनी अगदीच भोळी होती असंही नाही. इतरांकडेही तिचं काम चालू होतं. फोर्डच्या ट्रान्झिटवर 'नगेट' केली १९८६ मध्ये, स्वयंपाकघर गाडीच्या मागच्या टोकाला नेऊन. मर्सिडीजसाठी १९७७ मध्ये 'जेम्स कुक', १९८४ मध्ये 'मार्को पोलो'. फोक्सवॅगनच्या मोठ्या व्हॅनवर 'स्वेन हेडिन'. सगळी नावं मुलखावेगळ्या प्रवाशांची. (आपल्याकडे कोणी अशी गाडी काढलीच तर तिला 'गोडसे भटजी' नाव द्यावं, ही माझी नम्र सूचना!) पण घरातली मुख्य पोळी भाजायची ती फोक्सवॅगनच्याच तव्यावर.

१९९९ मध्ये डेमलर-क्रायस्लरने, म्हणजे मर्सिडीजच्या मालकांनी, वेस्टफालियाच्या कॅम्पर कंपनीतला ४९ टक्के हिस्सा घेतला. २००१ मध्ये उरलेलाही. चार-पाच पिढ्यांनी वाढवलेला धंदा एका बड्या घराण्यात गेला. कागदावर सौदा झक्कास! आता फोक्सवॅगनच्या जागी बसून बघा. तुमची पुढची गाडी अजून कोणी पाहिलेली नाही. तिच्या आतली मापं तुम्ही ज्या कंपनीला देणार, तिचा मालक आहे तुमचा कट्टर प्रतिस्पर्धी. कोण देईल? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे सांगायला मॅनेजमेंट गुरूची गरज नाही.

२००३ मध्ये फोक्सवॅगनने बसची पाचवी पिढी आणली आणि कॅलिफोर्निया स्वतःच बनवायला घेतली, हॅनोव्हरमध्ये. वीज आणि तेलाच्या दाबावर आपोआप उघडणारं अॅल्युमिनिअमचं छप्पर, तीच दुमडती शेगडी, तोच ओढून होणारा पलंग. पन्नास वर्षं वेस्टफालियाने जे शिकवलं, ते क्लायंट शिकून बसला होता. आणि नावही त्याच्याकडेच होतं.

मग मर्सिडीजने तरी वेस्टफालियाला डोक्यावर घेतलं का? छे! २००७ मध्ये डेमलरने क्रायस्लरशी काडीमोड घेतला आणि त्याच वर्षी वेस्टफालियाही म्युनिकच्या ऑरेलियस या गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. ज्या नात्यासाठी सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक गमावलं, ते नातं इतकंच टिकलं. २०१० मध्ये दिवाळं निघालं. लोहाराच्या भट्टीपासून १६६ वर्षांनी.

मला विचाराल तर क्नोबेल घराण्याने विकली यात पाप काही नव्हतं. मोठ्या गाडीकंपन्यांच्या खेळात छोट्याला कोणाचा तरी हात धरावाच लागतो. पण ज्याच्या घरात तुम्ही राहता त्याच्या वैऱ्याचा हात धरताना दुसरीकडे भाड्याने खोली तरी बघून ठेवायची. ट्रेलरच्या गोळ्याचा धंदा तोवर वेगळा झालेला होता. तो स्वतंत्रपणे नीट चालला आणि २०१६ मध्ये तोही होरायझन ग्लोबल या अमेरिकन कंपनीने घेतला.

पुन्हा त्याच दारात

वेस्टफालियाला वाचवलं फ्रान्सच्या रापिडो ग्रुपने. ही मंडळी स्वतः कॅम्पर बनवणारी, त्यामुळे त्यांना नावाची किंमत माहीत होती. कारखाना पूर्व जर्मनीतल्या गोथा शहरात आला. फिआटच्या व्हॅनवर 'कोलंबस' आणि 'आमुंडसेन' निघाल्या, प्रवाशांची नावं द्यायची खोड काही गेली नाही. गंमत म्हणजे २०१४ ची नवी 'मार्को पोलो' करायला मर्सिडीज पुन्हा वेस्टफालियाकडेच आली. या वेळी मालक म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून.

त्यानंतर वेस्टफालियाने आणखी एक कॅम्पर काढला, 'केप्लर'. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या नावाचा. लाकडी फिनिशची कपाटं, ओढून होणारा पलंग, शेगडी, बेसिन, सगळं नेहमीसारखं. आणि खालची गाडी? फोक्सवॅगनची ट्रान्सपोर्टर! फक्त आता ती वेस्टफालियाने स्वतःच्या हिमतीवर करायची होती. शोरूममधली जागा कॅलिफोर्नियाने आधीच अडवली होती.