शालेय व्हॉलीबॉलमधील नियम व पंचकार्य (अहिल्यानगर जिल्हा)

शालेय व्हॉलीबॉल म्हणजे माध्यमिक विद्यालये व कनिष्ठ महाविद्यालये यांच्या संघांमध्ये खेळला जाणारा व्हॉलीबॉल होय. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यात तो प्रामुख्याने शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांमधून खेळला जातो. या स्पर्धांसाठी आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचे नियम आधारभूत मानले जातात. वयोगट, जाळीची उंची व सेटची संख्या यांबाबत आयोजक आवश्यक ते बदल करतात. त्यामुळे नियम जागतिक असले तरी त्यांची अंमलबजावणी गावातील शाळेच्या मातीच्या मैदानावर, बहुधा क्रीडाशिक्षकांच्याच हातून होत असते.

पार्श्वभूमी

विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील होलिओक येथे या खेळाची सुरुवात केली. त्याचे पहिले नाव ‘मिंटोनेट’ असे होते. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ १९४७ मध्ये पॅरिस येथे, तर भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आली आणि पंचाच्या प्रत्येक निर्णयाचा परिणाम थेट गुणफलकावर दिसू लागला.

स्पर्धेची रचना

राज्यात शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या देखरेखीखाली होतात. जिल्ह्यात त्यांचे आयोजन जिल्हा क्रीडा परिषद व जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय करते. मुले व मुली यांचे १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात १४ तालुके आहेत. तालुका स्तरावरील विजेते जिल्हा स्तरावर येतात. महसुली रचनेत हा जिल्हा नाशिक विभागात असला तरी क्रीडा विभागाच्या रचनेत तो पुणे विभागात मोडतो. म्हणून जिल्ह्याच्या विजेत्या संघाची गाठ पुणे व सोलापूर येथील संघांशी पडते. विभागानंतर राज्य स्तर आणि त्यापुढे भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धा असतात.

प्राथमिक स्तरांवरील सामने सामान्यतः बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की त्या संघाचे त्या वर्षाचे आव्हान संपते. वरच्या स्तरांवरील कामगिरीला दहावी व बारावीच्या परीक्षेत सवलतीचे क्रीडागुण मिळतात, तर राज्य शासनाच्या नोकऱ्यांमध्ये गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. अकोल्यासारख्या डोंगराळ किंवा जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील विद्यार्थ्याचा या साऱ्याकडे जाणारा मार्ग तालुक्याच्या सामन्यातूनच सुरू होतो. या स्तरावरील पंचकार्याचे महत्त्व त्यामुळे वरच्या स्तरांपेक्षा कमी नसते.

मैदान व साहित्य

मैदान १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद असते आणि त्याभोवती किमान ३ मीटर मोकळी जागा लागते. रेषा ५ सेंटिमीटर रुंदीच्या असून त्या मैदानाच्या मापातच धरल्या जातात. म्हणून रेषेला स्पर्श करणारा चेंडू ‘आत’ असतो. मध्यरेषेपासून ३ मीटरवर दोन्ही बाजूंना आक्रमण रेषा असते. खुल्या मैदानावर पाण्याच्या निचऱ्यासाठी दर मीटरला ५ मिलिमीटर उतार चालतो. मात्र कठीण पदार्थाच्या रेषांना मनाई आहे. विटा किंवा फरशीचे तुकडे पुरून रेषा आखणे म्हणूनच नियमबाह्य व धोकादायक ठरते. फक्कीने आखलेल्या रेषा दोन-तीन सामन्यांत पुसट होतात, तेव्हा त्या पुन्हा मारून घेणे आवश्यक असते.

जाळीची उंची प्रौढ पुरुषांसाठी २.४३ मीटर व महिलांसाठी २.२४ मीटर आहे. लहान वयोगटांसाठी वेगळी उंची ठरवण्याची मुभा असून शालेय स्पर्धेत आयोजकांनी कळवलेली उंची ग्राह्य धरतात. उंची मैदानाच्या मध्यभागी मोजतात. दोन्ही बाजूरेषांवरील उंची सारखी असावी लागते आणि ती मधल्या उंचीपेक्षा २ सेंटिमीटरहून अधिक असता कामा नये. बाजूरेषांच्या वर जाळीला १.८० मीटर लांबीच्या अँटेना बांधतात. चेंडूचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर व वजन २६० ते २८० ग्रॅम असते.

इजा होऊ शकेल अशी कोणतीही वस्तू अंगावर ठेवता येत नाही. बांगड्या, कडी व लोंबते कानातले सामन्यापूर्वी काढावे लागतात. बुटांविषयी मात्र नियम उदार आहे. प्रथम पंच खेळाडूला अनवाणी खेळण्याची परवानगी देऊ शकतो. केवळ बूट नाहीत म्हणून ग्रामीण शाळेतील खेळाडूला बाहेर बसवणे नियमाला धरून नाही.

गुण व सेट

मैदानावर प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात. किमान २ गुणांच्या आघाडीसह २५ गुण मिळवणारा संघ सेट जिंकतो. २४-२४ अशी बरोबरी झाल्यास दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत खेळ चालू राहतो. पूर्ण सामना पाच सेटचा असून पाचवा सेट १५ गुणांचा असतो. त्यात एका संघाचे ८ गुण झाल्यावर बाजू बदलतात. सामने अधिक व वेळ थोडा असल्यास सुरुवातीच्या फेऱ्या तीन सेटच्या घेतात आणि निर्णायक तिसरा सेट १५ गुणांचा ठेवतात. प्रत्येक सेटमध्ये संघाला ३० सेकंदांचे दोन टाइम-आउट व सहा बदल मिळतात. दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने सहा खेळाडू उरले नाहीत, तर संघ अपूर्ण ठरतो व तो सेट किंवा सामना गमावतो. त्याने तोपर्यंत मिळवलेले गुण व सेट कायम राहतात.

वारंवार वादग्रस्त ठरणारे नियम

दुहेरी स्पर्श: एका खेळाडूने चेंडूला लागोपाठ दोनदा स्पर्श करणे ही चूक आहे. परंतु संघाच्या पहिल्या स्पर्शाच्या वेळी, एकाच क्रियेत, चेंडू शरीराच्या अनेक भागांना लागोपाठ लागला तरी चालतो. सर्व्हिस घेताना हातावरून उडून छातीला लागलेला चेंडू यामुळे वैध ठरतो. नवख्या खेळाडूंच्या सामन्यात ही सवलत विसरणारा पंच नकळत अनेक गुण चुकीचे देतो.

चेंडू धरणे: चेंडू पकडणे किंवा फेकणे ही चूक आहे, तो स्पर्शानंतर लगेच उसळला पाहिजे. पंचाने स्पर्शाच्या क्षणी जे दिसले त्यावरच निर्णय द्यावा. खेळाडूची बेढब शरीरस्थिती किंवा चेंडूला मिळालेली फिरकी हा चुकीचा पुरावा नव्हे.

जाळी व मध्यरेषा: चेंडू खेळण्याच्या क्रियेत दोन अँटेनांच्या मधल्या जाळीला खेळाडूचा स्पर्श झाल्यास चूक होते. पाऊल मध्यरेषेपलीकडे पूर्णपणे गेल्यास चूक होते. पावलाचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर असेल तर ती होत नाही. सर्व्हिस करताना चेंडू जाळीला लागून पलीकडे गेला तर २००१ पासून खेळ चालू राहतो.

क्रम: सर्व्हिस परत मिळवणारा संघ घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा फिरतो. सर्व्हिस स्वीकारणाऱ्या संघाने चेंडूला फटका बसण्याच्या क्षणी आपला क्रम राखावा लागतो. चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण व सर्व्हिस मिळते आणि क्रम दुरुस्त केला जातो. गुणलेखकाने प्रत्येक सर्व्हिसचा क्रम तपासला नाही तर ही चूक बरीच उशिरा ध्यानात येते आणि त्या काळात मिळवलेले गुण रद्द करण्याची वेळ येते.

लिबेरो: वेगळ्या रंगाचा पोशाख घालणारा हा बचावपटू मागच्या रांगेतच खेळतो. त्याला सर्व्हिस, ब्लॉक किंवा जाळीच्या वर असलेल्या चेंडूवर आक्रमण करता येत नाही.

पंचमंडळ

प्रथम पंच जाळीच्या एका टोकाला उंच आसनावर असतो. त्याची नजर जाळीच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ५० सेंटिमीटर उंच असावी लागते. त्यासाठी टेबलावर खुर्ची ठेवली असेल, तर ती स्थिर आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागते. समोरच्या बाजूला खांबाजवळ द्वितीय पंच उभा राहतो. तो सर्व्हिस स्वीकारणाऱ्या संघाचा क्रम, ब्लॉक करणाऱ्या बाजूचा जाळीस्पर्श व मध्यरेषा यांवर लक्ष ठेवतो. त्याच्यामागे गुणलेखकाचे टेबल असते. रेषापंच दोन असल्यास ते प्रत्येक पंचाच्या उजव्या हाताकडील कोपऱ्याजवळ, म्हणजे परस्परांच्या तिरक्या समोर उभे राहतात. स्थानिक सामन्यांत रेषापंच म्हणून खेळणाऱ्या दोन्ही शाळांबाहेरील व्यक्ती निवडणे श्रेयस्कर असते.

चूक दिसताच शिट्टी वाजवून प्रथम पंच आधी सर्व्हिस मिळवणारा संघ, नंतर चुकीचे स्वरूप व गरज असल्यास चूक करणारा खेळाडू दाखवतो. हा क्रम पाळल्याने खेळाडूंना व प्रेक्षकांना निर्णय कळतो आणि निम्मे वाद तिथेच मिटतात. हाताळणीचा जो निकष पहिल्या गुणाला लावला, तोच शेवटच्या गुणालाही लावणे हे पंचकार्याचे मुख्य तत्त्व आहे. २४-२३ अशा स्थितीत अचानक कडक किंवा सैल होणारा पंच दोन्ही संघांवर अन्याय करतो.

शिस्त व दाद

निर्णयाचा खुलासा मागण्याचा अधिकार फक्त मैदानावरील कर्णधाराला आहे. प्रशिक्षकाला किंवा पालकांना नाही. खुलासा मान्य नसल्यास कर्णधाराने हरकत त्याच वेळी नोंदवण्याची सूचना द्यावी, म्हणजे सामन्यानंतर ती गुणपत्रकावर लिहिता येते. शालेय सामन्यात पंच व प्रशिक्षक हे बहुधा एकमेकांच्या ओळखीचे शिक्षक असतात. अशा वेळी ही लेखी वाट दोघांनाही संकोचातून सोडवते.

किरकोळ गैरवर्तनाबद्दल आधी तोंडी समज व नंतर पिवळे कार्ड दाखवतात. त्याने गुण जात नाही. लाल कार्डाने प्रतिस्पर्ध्याला गुण व सर्व्हिस मिळते. दोन्ही कार्डे एका हातात दाखवल्यास त्या सेटपुरते, तर दोन हातांत वेगवेगळी दाखवल्यास संपूर्ण सामन्यातून बाहेर जावे लागते.

पाऊस व खंडित सामना

शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होत असल्याने खुल्या मैदानावरील सामना मध्येच थांबण्याचे प्रसंग येतात. एकूण खंड चार तासांपेक्षा अधिक नसेल आणि सामना त्याच मैदानावर सुरू झाला, तर तोच सेट त्याच गुणांवरून व त्याच क्रमाने पुढे चालतो. सामना दुसऱ्या मैदानावर हलवल्यास अपुरा सेट रद्द होऊन नव्याने खेळला जातो, मात्र आधीच्या पूर्ण सेटचे निकाल कायम राहतात. खंड चार तासांहून अधिक झाल्यास सारा सामना पुन्हा खेळवावा लागतो. त्यामुळे खेळ थांबताच गुण, क्रम व वेळ गुणपत्रकावर लिहून दोन्ही कर्णधारांना दाखवणे आवश्यक असते.

अन्य देशांतील पद्धत

अमेरिकेत शालेय खेळांसाठी राज्य संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाची स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यानुसार एका सेटमध्ये १८ बदल करता येतात व लिबेरोला क्रमातील एका जागेवरून सर्व्हिस करता येते. अधिकाधिक विद्यार्थ्यांना मैदानावर उतरता यावे, हा अशा मोकळिकीचा परिणाम आहे. सहा बदलांची मर्यादा पाळणाऱ्या भारतीय शालेय संघात मात्र बारा जणांपैकी कोणाला केव्हा खेळवायचे, हे प्रशिक्षकाला प्रत्येक सेटपूर्वीच ठरवावे लागते.