तुरुंग कंपनीचा, मग नर्स कोणाची?



आपल्या वस्तीतल्या जीएनएम झालेल्या मुली आता परदेशी नोकरीची चौकशी करतात. जाहिरातीत ‘करेक्शनल नर्स’ असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ तुरुंगातली नर्स. हे काम कमीपणाचे नाही. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा बेड्या घातलेले पेशंटही आमच्याकडे येत. बेडी असली तरी ताप तोच, औषध तेच. पण सही करण्याआधी एक गोष्ट विचारावी : तो तुरुंग चालवतो कोण?

भारतात तुरुंग हा राज्य सरकारचा विषय आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत मात्र काही तुरुंग खासगी कंपन्या चालवतात. आज कोअरसिव्हिक नावाने चालणारी अमेरिकेतली मोठी कंपनी १९८३ साली निघाली. ब्रिटनमध्ये पहिला खासगी तुरुंग १९९२ साली सुरू झाला.

यातला हिशेब समजून घ्या. सरकार कंपनीला बहुधा दर कैद्यामागे, दर दिवसाचे पैसे देते. अमेरिकेत काही करारांत तर ८० ते १०० टक्के जागांचे पैसे मिळण्याची हमी असते, मग जागा रिकाम्या का असेनात. मिळणारी रक्कम ठरलेली, म्हणून नफा वाढवायचा तर खर्च कमी करायचा. खर्च म्हणजे माणसे, जेवण आणि औषधोपचार. नर्स कमी नेमल्या, की एकीच्या अंगावर दोघींचे काम पडते. कैद्याला बाहेरच्या दवाखान्यात पाठवायचे तर गाडी लागते, पहारेकरी लागतात. मग ‘उद्या बघू’ असे म्हटले जाते. आजार मात्र उद्यापर्यंत थांबत नाही.

२०१६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी तुलना केली. सुरक्षिततेच्या बहुतेक बाबींत, कैद्यांच्या संख्येच्या मानाने, खासगी तुरुंगांत सरकारी तुरुंगांपेक्षा जास्त घटना आढळल्या.

जॉर्जिया राज्यात आयर्विन काउंटी येथे स्थलांतरितांना डांबून ठेवण्याचे केंद्र एक खासगी कंपनी चालवत होती. तिथल्या नर्स डॉन वूटन यांनी २०२० साली तोंड उघडले. आजारी लोकांचे उपचारासाठीचे अर्ज फाडले जातात, नोंदी खोट्या केल्या जातात, कोरोनाची चाचणी होत नाही, अशी त्यांची तक्रार होती. बायकांवर होणाऱ्या शस्त्रक्रियांबद्दलही त्यांनी शंका घेतली. पुढे २०२२ साली सिनेटच्या समितीने म्हटले, की एका डॉक्टरने तिथल्या बायकांवर गरज नसलेले उपचार केल्याचे दिसते. सरसकट गर्भाशये काढल्याच्या आरोपाला मात्र समितीला पुरावा मिळाला नाही. म्हणून आम्ही सांगतो, नर्सने आवाज उठवावा आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे.

नर्सच्या बाजूने नियमही आहेत. कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवले. संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात, की बाहेरच्या माणसाला मिळतात तसेच उपचार कैद्याला मोफत मिळावेत, आणि वैद्यकीय निर्णय तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्यांनी फिरवू नये.

नोकरी घेताना हे विचारा :
• पगार कोण देणार, सरकार की कंपनी?
• एका पाळीत किती नर्स आणि किती कैदी?
• रात्री डॉक्टर हजर असतो का?
• पेशंटला बाहेर पाठवायचे हे कोण ठरवते?
• तक्रार कंपनीबाहेर कोणाकडे करता येते?
• मुदतीआधी नोकरी सोडली तर दंड आहे का?

कामावर असताना जे केले, ज्या वेळी केले, तेच नोंदवहीत लिहा. न दिलेल्या औषधापुढे सही करू नका.

हा विषय आपल्यासाठी परका नाही. अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीय माणसे त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. आपल्याकडच्या तुरुंगांतही अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, आणि २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार दर चार कैद्यांत तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. गजाआडचा पेशंट कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाची तरी आई असते. कंपनी त्याला रोजच्या दरात मोजेल. आपण त्याची नाडी मोजायची.