तिकीट, बिटकॉइन आणि पंधरा मिनिटं

टिळक रस्त्यावरच्या ट्रॅव्हल एजंटकडे तिकीट काढायला गेलं, की स्क्रीन त्याच्याकडे तोंड करून असते. तो सांगेल तो दर आपण ऐकायचा. तिकीट काढण्याच्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ती स्क्रीन आपल्याकडे वळते: दर कसे मागवले, कसे लावले, कुठे भर घातली, हे कोडमध्ये कुणालाही वाचता येतं.

पण समजा, पेरूगेटाजवळच्या खोलीतून तुम्ही पुणे–दिल्ली विमान शोधताय. जागा या सॉफ्टवेअरकडे नसतात. त्या विमान कंपनीकडे आणि अमेडियस, सेबर अशा आरक्षण यंत्रणांकडे असतात, आणि त्यांना विचारायचं तर करार लागतो. म्हणजे मोकळेपणा त्या दारापर्यंतच.

पैशाच्या बाजूला मात्र तो पुरेपूर आहे. बीटीसीपे सर्व्हर हे २०१७ साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर पाहा. तुम्ही जागा निवडली, की रुपयांतली किंमत त्या क्षणाच्या दराने बिटकॉइनमध्ये बदलते आणि क्यूआर कोड येतो. त्यातला, पैसे पाठवायचा पत्ता फक्त तुमच्या बिलासाठी तयार केलेला असतो. नीट मांडणी केली, तर पत्ते बनवणारी किल्ली सर्व्हरवर आणि पैसे खर्च करणारी किल्ली विक्रेत्याच्या घरी राहते. दुकानात पावतीपुस्तक, तिजोरीची किल्ली घरी, असाच हा प्रकार. मला यातलं हेच सगळ्यांत आवडतं.

बिलाची मुदत एरवी १५ मिनिटांची. व्यवहार ज्यात नोंदले जातात, तो बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो. शुल्क कमी ठेवलं तर व्यवहार तासभरही अडकतो, आणि तोवर विमानाचा दर बदललेला असतो. बिटकॉइनवरच उभ्या असलेल्या लाइटनिंग या जलद जाळ्यातून पैसे दिले तर ते काही सेकंदांत पोचतात.

उशिरा पोचलेले पैसे परत आणून देणारी बँक इथे नाही. परतावा रुपयांच्या हिशोबाने की बिटकॉइनच्या, हे आधीच विचारा.

आणि कर. बिटकॉइन भारतात कायदेशीर चलन नाही. ते देऊन तिकीट घेणं म्हणजे मालमत्ता हस्तांतरित करणं. १ एप्रिल २०२२पासून त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. ४,००० रुपयांना घेतलेलं बिटकॉइन ६,०००च्या तिकिटात गेलं, तर २,०००वर ६०० रुपये, वर उपकर. म्हणून तिकिटाच्या ई-मेलशेजारीच खरेदीची तारीख आणि दर लिहून ठेवा.