एकात्मिक जलव्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण : चंडीगडचा अनुभव, महाराष्ट्राची गरज

चंडीगडच्या सेक्टर 39 मधील जलकेंद्रात शुद्ध होणारे पाणी मूळचे सतलजचे. मोरिंड्याजवळील कजौली येथे भाक्रा मुख्य कालव्यातून ते उचलले जाते आणि जलवाहिन्यांद्वारे शहरात आणले जाते. याच कालव्यावर पंजाब व हरियाणातील मोठे लाभक्षेत्र अवलंबून आहे. शहराने वापरलेल्या पाण्यापैकी काही भाग पुन्हा शुद्ध होऊन उद्याने व हिरवळीसाठी परत येतो. जलकेंद्राच्याच परिसरात, सेक्टर 39-अ मध्ये, 1984 साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. म्हणजे कालव्याचा अभियंता, नगर अभियंता, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि शेतकरी हे चौघेही एकाच पाण्याशी बांधलेले आहेत. त्यांचे शिक्षण मात्र चार निरनिराळ्या विद्याशाखांत होते. ही फारकत मिटवणे हा एकात्मिक जलव्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा हेतू होय.

या विषयाचा उत्तम पाठ चंडीगडच्या वेशीवरच मिळतो. 1958 मध्ये बांधलेला सुखना तलाव काही वर्षांतच गाळाने भरू लागला. गाळ काढण्यावर खर्च होत राहिला, पण तो येत होता शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून. मृद व जलसंधारण संशोधन केंद्राचे डॉ. पी. आर. मिश्रा यांनी 1970 च्या दशकात गाळाचा माग काढला आणि ते सुखोमाजरी गावापर्यंत पोहोचले. चराईवर बंदी घालून प्रश्न सुटणार नव्हता, कारण शेळ्या हाच गावाचा आधार होता. मग लहान मातीची धरणे बांधून पावसाचे पाणी साठवण्यात आले. तरीही ज्यांच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नव्हते, त्यांनी टेकडीवरील चराई का थांबवावी, हा प्रश्न उरलाच. त्यावर निघालेला तोडगा अभियांत्रिकीच्या कोणत्याही सूत्रात बसणारा नव्हता : धरणाच्या पाण्यात प्रत्येक कुटुंबाला, भूमिहीनालाही, वाटा देण्यात आला. भूमिहीनाला आपला वाटा दुसऱ्यास देऊन मोबदला घेता येई. टेकडीचे रक्षण गाव स्वतःहून करू लागले. याला ‘सामाजिक कुंपण’ असे नाव मिळाले. चारा व भाबर गवत वाढले आणि तलावाकडे जाणारा गाळ घटला.

जवळजवळ त्याच काळात, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणीपंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला : दरडोई अर्धा एकर, कुटुंबास कमाल अडीच एकर. भूमिहीनांनाही हक्क मिळाला. ऊस व अन्य बारमाही पिके वर्ज्य ठरली. ही शेवटची अट सर्वांत कठीण होती, आणि महाराष्ट्रात ती आजही तितकीच कठीण आहे, हे वेगळे सांगायला नको.

या दोन्ही प्रयोगांत जलशास्त्र, पीकशास्त्र, अर्थशास्त्र आणि न्याय एकत्र आले. एकात्मिक अभ्यासक्रमाची विषयसूची याहून वेगळी असू नये. प्रवाहमापन व पिकाची पाण्याची गरज हा पाया. त्यावर भूजल, पाण्याची गुणवत्ता व निचरा. आणि त्याच्या जोडीला पाणीविषयक कायदे, पाणीपट्टीचे अर्थकारण व संस्थाबांधणी. शेवटचे तीन विषय ‘ऐच्छिक’ ठेवण्याची प्रथा मोडली पाहिजे.

शिक्षणाचे मार्ग अनेक आहेत. कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरास मृद व जलसंधारण किंवा सिंचन व निचरा अभियांत्रिकीत एम. टेक. करता येते, कृषी पदवीधरासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सिंचन जलव्यवस्थापनाचा आंतरविद्याशाखीय विभाग आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे जल तंत्रज्ञान केंद्र, तसेच रुरकी आयआयटीमधील जलसंपदा विभाग हे जुने व नावाजलेले पर्याय. आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात पाण्याचा अभ्यास प्रत्यक्ष गावांत जाऊन केला जातो. परदेशी नेदरलँड्समधील डेल्फ्ट व ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे या विषयाचे स्वतंत्र शिक्षण मिळते. मात्र तेथील खर्चाचा विचार करताना पाहावयाचे ते एवढेच की, परतल्यावर प्रबंधाचा उपयोग आपल्या खोऱ्यात होणार आहे काय.

अशा मनुष्यबळाची निकड कायद्यानेच निर्माण केली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम 2005 चा. त्यात अपेक्षित असलेला एकात्मिक राज्य जल आराखडा मंजूर होण्यास 2018 उजाडले. गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि पश्चिमवाहिनी नद्या या सर्वांचा हिशेब एकत्र मांडणे हे एका शास्त्राच्या जाणकाराचे काम नव्हे. 2005 च्याच दुसऱ्या अधिनियमाने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवले. त्या संस्थांना पाणी मोजून मिळायचे, म्हणजे मोजणारा आणि मोजमाप समजून घेणारा, दोघेही हवेत. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पात हे घडले. अनेक ठिकाणी संस्था कागदावरच राहिल्या.

पदव्युत्तर प्रबंधाचा विषय निवडताना म्हणूनच शेपटाकडील चारी हे उत्तम स्थळ ठरते. आवर्तन किती दिवसांनी आले, त्यातील पाणी कोठपर्यंत पोहोचले, विहिरींच्या पातळीत काय फरक पडला, कोणते पीक वाढले, पाणीपट्टी किती वसूल झाली : या पाच नोंदी सलग दोन हंगाम ठेवल्या, तरी एक चांगला प्रबंध उभा राहतो. विस्तार कार्यकर्ते आणि पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी यात मोठे साहाय्य करू शकतात. ज्या गावात आवर्तनाच्या तारखा व विहिरींच्या पातळीची वही आधीपासून लिहिली जात आहे, तेथे विद्यार्थ्याचा माहिती जमविण्याचा बराच वेळ वाचतो.