संगणक : जोडलेल्या उपकरणाची चुकीची ओळख
संगणकास जोडलेले उपकरण परिचालन प्रणालीने भलत्याच नावाने नोंदविणे अथवा 'अज्ञात उपकरण' म्हणून दाखविणे, हा नेहमी आढळणारा दोष होय. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावरील पेडगाव (जि. परभणी) यासारख्या गावी तो केवळ गैरसोयीचा राहत नाही. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' योजनेनुसार निवृत्तिवेतनधारकास हयातीचा दाखला बोटाच्या ठशावरून देता येतो. ठसे घेणारे यंत्र संगणकाने ओळखले नाही, तर दाखला अडतो व त्यामागून निवृत्तिवेतनही.

अशी बहुतेक उपकरणे यूएसबी मानकानुसार जोडली जातात. जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मानकाच्या घडणीत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता. उपकरण जोडताच संगणक त्याच्याकडून १८ बाइटांचे परिचयपत्र मागवितो. त्यात निर्मात्याचा व उत्पादनाचा असे प्रत्येकी १६ बिटांचे दोन क्रमांक असतात आणि त्यांवरून योग्य ड्रायव्हर (उपकरण चालविणारी आज्ञावली) निवडला जातो. उपकरण स्वतःविषयी जे सांगते, तेच संगणक खरे मानतो.

म्हणून दोष शोधताना हे क्रमांक प्रथम पाहावेत. विंडोज प्रणालीत ते 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये उपकरणाच्या तपशिलात मिळतात. निर्मात्याचा क्रमांक ०००० दिसल्यास बहुधा परिचयपत्रच वाचले गेलेले नसते. अशा वेळी ड्रायव्हर पुनःपुन्हा बसविणे व्यर्थ होय. केबल व पोर्ट बदलून पाहावे आणि मधला हब काढून टाकावा. यूएसबी २.० मानकानुसार संगणकाच्या पोर्टातून ५०० मिलिअँपिअर प्रवाह मिळू शकतो, तर स्वतंत्र वीजपुरवठा नसलेल्या हबच्या पोर्टातून फक्त १००. यंत्र दुरुस्तीसाठी परभणीस पाठविण्यापूर्वी एवढे करणे सहज शक्य असते. क्रमांक बरोबर परंतु नाव चुकीचे असेल, तर दोष ड्रायव्हरचा असतो. जुना ड्रायव्हर फायलींसह काढून, उपकरण विलग ठेवून निर्मात्याचा ड्रायव्हर बसवावा व मगच उपकरण जोडावे. ज्या उपकरणास अनुक्रमांक नसतो, ते दुसऱ्या पोर्टात घातल्यास विंडोज त्यास नवेच उपकरण समजते; यात बिघाड काहीच नसतो.

क्रमांकच भलते असल्यास उपकरणातील अंतर्गत आज्ञावली बिघडलेली असू शकते किंवा चिप नकली असू शकते. २०१४ मध्ये एफटीडीआय या ब्रिटिश कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने तिच्या चिपांच्या नकलांतील उत्पादन-क्रमांक ०००० करून टाकला. नकली चिप असल्याची कल्पनाही नसलेल्या ग्राहकांची उपकरणे त्यामुळे निकामी झाली. टीका झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. नकलेचा दंड ग्राहकावर लादण्याचा हा प्रकार समर्थनीय नव्हता.

ठसायंत्राच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. आधार प्राधिकरणाच्या नियमांनुसार हे यंत्र नोंदणीकृत असावे लागते. नोंदणीची मुदत संपल्यास संगणक यंत्र अचूक ओळखतो, तरीही ठसा नाकारला जातो. तेव्हा केबल वा ड्रायव्हर बदलून उपयोग नसतो. नोंदणीचे नूतनीकरणच करावे लागते.